चूक माझीच असू दे

उल्का घाबरट होती असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. घाबरट माणसं केव्हाही घाबरतात. उल्काचं घाबरण्याचं वेळापत्रक ठरलेलं होतं. दर तीन महिन्यांनी चारुदत्त रक्त द्यायला जायचा, आणि त्या दिवसापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दहा-बारा दिवस ती घाबरायची. त्या दिवसांत आमटी खारट व्हायची, फोन वाजला की हातातलं भांडं खाली पडायचं, आणि कॅनडातल्या त्यांच्या कनाटा गावातल्या मराठी बायका ग्रोसरीत भेटल्या तर ती नको तितकी हसायची. रिपोर्ट चांगला आला की ती माणसात यायची आणि पुढचे अडीच महिने नवऱ्याशी नीट भांडायची. असं नऊ वर्षं चाललं होतं.

चारुदत्त तिचा नवरा. वय सत्तावन्न, टेलिकॉम कंपनीत सिग्नल तपासण्यात निम्मा जन्म घालवलेला माणूस. त्याला सीएमएल होता. म्हणजे रक्ताचाच कर्करोग, पण जुनाट जातीचा. मुळापासून जात नाही, गोळीने दाबून ठेवता येतो. नऊ वर्षांपूर्वी एका साध्या वार्षिक तपासणीत तो सापडला, तेव्हा डॉक्टर ट्रेंब्ले बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की रोज एक गोळी घ्यायची, आणि गोळी काम करतेय तोवर तुम्ही चारचौघांसारखेच. चारुदत्तने त्यातलं ‘चारचौघांसारखे’ उचललं. उल्काने ‘काम करतेय तोवर’ उचललं, आणि तेव्हापासून ते तिच्या उरावर बसलं होतं.

गोळी काम करतेय की नाही हे एका आकड्यावरून कळे. रक्तात बिघडलेल्या पेशींचा अंश किती, त्याची ती टक्केवारी. शून्य पूर्णांक एकच्या खाली असली की सगळं ठीक. चारुदत्तची गेली सहा वर्षं शून्य पूर्णांक शून्य शून्य चारच्या आसपास घुटमळत होती. त्याने एक्सेलमध्ये तिचा आलेख काढून ठेवला होता, आणि मॉन्ट्रियलला नोकरी करणारी त्यांची मुलगी केया त्याला ‘बाबाज स्टॉक मार्केट’ म्हणायची. बाप-लेक असल्या विषयावर हसू शकतात, याचा उल्काला राग यायचा.

खरं दुखणं वेगळंच होतं. चारुदत्तला निदान गोळी तरी घ्यायची असे. उल्काला करण्यासारखं काहीच नव्हतं. घरात माणूस आजारी आहे आणि बाईने फक्त बघत बसायचं, हे तिच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी तिने कुंडीत गहू पेरून त्याच्या अंकुरांचा रस काढला, गुळवेल मागवली, कुणी सांगितलं म्हणून कसली कसली पानं उकळली. दोन महिन्यांत चारुदत्तच्या लिव्हरचे आकडे असे वर गेले की ट्रेंब्ले बाईंनी गोळी तीन आठवडे बंद ठेवली. घरी आल्यावर चारुदत्तने तिचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “शपथ घे. आजपासून पाला, रस, काढा, काही नाही.” तिने घेतली. त्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, आणि साताऱ्यात वाढलेल्या बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आठ वर्षं तिने ती पाळलीही. मग या वर्षी जानेवारीत दोघं साताऱ्याला जाऊन आली.

तिथे चारुदत्तला पित्ताने गाठलं. लग्नाची जेवणं, जागरणं, मिसळी. छातीत जळजळ, तोंडाला आंबट पाणी. उल्काची थोरली बहीण म्हणाली, दादासाहेबांकडे चल, आणि चारुदत्तला न सांगता दोघीच गेल्या. दादासाहेब म्हणजे तिथले जुने वैद्य, पंच्याऐंशीच्या घरातले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि शंख, मोती नि पोवळं यांच्या भस्माच्या पुड्या बांधून दिल्या. रोज सकाळी एक, मधातून. “पित्त शमेल,” ते म्हणाले, “आणि रक्तही शुद्ध होईल.”

पहिलं वाक्य ऐकून उल्का उठणार होती. दुसऱ्या वाक्याने ती परत खाली बसली. तिने नव्वद पुड्या मागितल्या.

त्या तिने तिळगुळाच्या डब्यात तळाशी लपवून कॅनडात आणल्या. विमानतळावर कस्टम्सच्या गोऱ्या पोराने “एनी फूड?” विचारलं, तेव्हा नव्वद कागदी पुड्यांतली पांढरी पूड डोळ्यांपुढे नाचून तिची पाचावर धारण बसली होती. पण तिने तिळगूळ दाखवला, आणि तो गोड हसून “हॅव अ नाइस डे” म्हणाला. चारुदत्तला तिने घरी आल्यावर सांगितलं, “सुंठ-साखर आहे, ताईने दिलीय. पित्ताला बरी.” सुंठ काही पाला नव्हे, रस नव्हे, काढा नव्हे. शपथेला तिने अशी बगल दिली.

त्या दिवसापासून रोज सकाळी आठ वाजता टोस्ट, चहा, गोळी आणि लगेच तिच्या हातचा मधाचा चमचा. पित्त खरोखर पळालं. चारुदत्त रंगाने उजळला असंही तिला वाटू लागलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती सकाळी गाणं गुणगुणत उठू लागली, आणि एप्रिलच्या तपासणीला चारुदत्त रक्त देऊन आला तेव्हा तर ती घाबरायचीच विसरली.

फोन पाचव्या दिवशी आला. रिपोर्ट चांगला असला की ट्रेंब्ले बाई कधी फोन करत नसत, म्हणून पडद्यावर नाव बघताच उल्काने गॅस बंद केला. चारुदत्तने फोन स्पीकरवर टाकला. आकडा शून्य पूर्णांक चार होता.

“शून्य शून्य चार?” त्याने विचारलं.

“नो,” बाई म्हणाल्या, “झीरो पॉइंट फोर.”

शंभरपट. चारुदत्तने शेजारच्या पाकिटाच्या मागे तो आकडा लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. बाई शांतपणे बोलत होत्या. गोळीला न जुमानणाऱ्या पेशी कधी कधी तयार होतात. तसं आहे का, हे पाहणारी वेगळी तपासणी करावी लागेल, तिचा निकाल यायला काही आठवडे जातील. तसं असेल तर गोळी बदलू. जी दुसरी आहे ती जोरकस आहे, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्रास देते. आणि तुम्हाला तर तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला आहे, म्हणून तिचा नीट विचार करावा लागेल. येत्या गुरुवारी या, सगळं बोलू. एखादा डोस चुकला होता का? नाही? बरं. क्लिनिकची फार्मासिस्ट फोन करेल, तिला सगळी औषधं सांगा.

फोन ठेवल्यावर चारुदत्तने ते पाकीट घडी घालून खिशात टाकलं. मग म्हणाला, “विंटर टायर काढायची अपॉइंटमेंट कधीची आहे गं?” आणि उल्काला कळलं की हा माणूस आपल्याहून जास्त घाबरलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी फार्मासिस्टचा फोन आला तेव्हा चारुदत्त ऑफिसला गेलेला होता. फोन ॲलिसनचा. ती मूळ वसईच्या कॅथलिक घरातली, टोरोंटोला वाढलेली. आईने घरात मराठीशिवाय बोलू दिलं नाही म्हणून तिची मराठी चांगली खणखणीत होती. उल्काला ती काकू म्हणे.

“काकू, आधी मी फॉर्मवरचं विचारते हं. एनी अदर मेडिकेशन्स? व्हिटॅमिन्स? हर्बल सप्लिमेंट्स?”

“नाही गं. बीपीची आणि स्टेंटनंतरची ती रक्त पातळ करायची, तुला माहीतच आहेत.”

“आता मराठीत विचारते,” ॲलिसन म्हणाली. “औषध नाही विचारत मी. आपल्या लोकांना औषध विचारलं की ते नाहीच म्हणतात. पुडी, चाटण, भस्म, चूर्ण, काढा? माझी मम्मा डॉक्टरला नो मेडिसिन सांगायची आणि पर्समध्ये सात बाटल्या असायच्या.”

उल्का हसली. “छे गं. काही नाही.”

“पित्तावर काही? टम्स, इनो, काहीपण? विचारते, कारण काकांची ही गोळी पोटातल्या ॲसिडमध्येच विरघळते. पित्त मारणारं काही बरोबर घेतलं ना, की गोळी पोटात जाते, पण अंगी लागत नाही. घेतली न घेतली सारखंच. शंख, शिंपला, कॅल्शियम, असलं काहीही.”

“नाही,” उल्का म्हणाली. शपथेवर सांगावं तशी ठाम म्हणाली.

फोन ठेवून ती बेसमेंटच्या जिन्यावर बसली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं तिची आई म्हणायची; पण मारुती परवडला असता. तिने सत्तर दिवस, रोज सकाळी, मध लावून, नवऱ्याची गोळी मारली होती. स्वतःच्या हाताने. आणि ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, त्याच्याच जिवावर ती शपथ आता बेतली होती. उल्का बी.एस्सी. होती, शपथांवर तिचा तसा विश्वास नव्हता. पण जिन्यावर बसलेल्या माणसाला बी.एस्सी.चा काय उपयोग?

उरलेल्या पुड्या तिने सिंकमध्ये ओतल्या. चारुदत्तला सांगितलं, सुंठ संपली. तो बरं म्हणाला.

मग तिने ठरवलं की काही बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुडी बंद झालीच आहे, आकडा आपोआप खाली येईल, कुणाला कशाला कळायला हवं? हा विचार एक दिवस टिकला. बुधवारी सकाळी बर्फ पडलं. एप्रिल अर्धा सरला तरी इथलं आभाळ ऐकत नाही. चारुदत्त आत कॉलवर होता म्हणून ती स्वतःच ड्राइव्हवे शोव्हल करायला बाहेर पडली. ओलं, जड बर्फ होतं. तीन फावडी उचलली आणि तिच्या लक्षात आलं की उद्या गुरुवार. उद्या बाई गोळी बदलणार. पुडीचं त्यांना माहीत नाही, म्हणजे त्या समजणार की जुनी गोळी संपली, आणि स्टेंट बसवलेल्या हृदयावर ती दुसरी, जोरकस गोळी घालणार. आपण गप्प बसलो तर याचं हृदय जाईल. आणि बोललो तर?

बोललो तर चारुदत्त आपल्याकडे कसा बघेल, याची तिला भीती होती. केया काय म्हणेल, याची होती. पण या सगळ्या भीतींच्या तळाशी आणखी एक होती, आणि तिच्याकडे बघायचं ती कालपासून टाळत होती. बोललो, आणि पुडीचा काही संबंधच नसला तर? पुडी बिचारी निरुपद्रवी निघाली, आणि गोळीच खरोखर हरलेली असली तर?

ती फावड्यावर रेलून उभी राहिली. समोरच्या घरातल्या पंजाबी काकांनी “सब ठीक, बहनजी?” म्हणून हात केला, तिनेही केला. दगडापेक्षा वीट मऊ. जन्मभर ती देवाजवळ एकच मागत आली होती, की माझ्या हातून काही वाईट होऊ देऊ नकोस. आता ड्राइव्हवेच्या मधोमध उभं राहून ती अगदी उलटं मागत होती. देवा, मीच केलेलं असू दे. चूक माझीच असू दे. कारण चूक तिची असेल तर गोळी अजून शाबूत होती.

गुरुवारी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये चारुदत्तने गाडी बंद केली आणि पट्टा सोडला. उल्का हलली नाही.

“चारू, ती सुंठ नव्हती.”

“माहितीये,” तो म्हणाला.

तिला वाटलं, आपण नीट बोललो नाही. “अरे, ती सकाळची पुडी. सुंठ नव्हती ती.”

“सुंठ पांढरीफेक असते का गं? आणि तिखट लागायला नको? तिसऱ्या दिवशी मी डबा उघडून बघितला. प्रत्येक पुडीवर वैद्य दादासाहेबांचा शिक्का आहे. लपवायला तुला जमतं, पुसायला जमत नाही.”

“मग बोलला का नाहीस?” तिचा आवाज चढला. गुन्हा तिचा, आणि चिडली तीच. “इतकी शपथ घालून घेतलीस, आणि मुकाट्याने चाटत बसलास?”

चारुदत्तने किल्ली काढून हातात धरली. समोरच्या काचेवर बारीक बर्फ पडून विरघळत होतं.

“तू चमचा घेऊन यायचीस ना, तेव्हा तुझा चेहरा बरा दिसायचा,” तो म्हणाला. “नऊ वर्षांत तसा दिसला नव्हता. म्हटलं घ्यावी.” मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “आणि अर्धं खोटं कशाला सांगू. मलाही वाटलं, असेल काहीतरी त्यात. म्हाताऱ्याने रक्त शुद्ध होईल म्हटलं असणार, त्याशिवाय तू नव्वद आणल्या नसत्यास. एका गोळीच्या भरवशावर मी रोज उठतो, उल्का. मला भीती वाटते. तुम्हाला आलेख काढून दाखवतो, पण मला फार भीती वाटते. म्हटलं, गोळीला कुणी जोडीदार मिळाला तर बरंच. एवढा इंजिनियर म्हणवतो मी, आणि डोळे मिटून चमचा चाटत होतो. ॲलिसनचा फॉर्म मलाही ईमेलवर आला होता. हर्बलपुढे मी नो लिहिलं.”

तेव्हा तिने त्याला पोटातल्या ॲसिडचं सांगितलं. शंख, शिंपला, कॅल्शियम. घेतली न घेतली सारखंच. सांगताना ती रडत होती आणि तो ऐकताना एकेक शब्द तपासत होता. तिला वाटलं आता हा ओरडणार. तो ओरडला नाही. त्याने किल्ली खाली पाडली, पुन्हा उचलली, आणि त्या फोननंतर पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

“म्हणजे गोळी फेल गेलेली नसेल?”

“नसेल. चूक माझी असेल.”

“तुझी कशी? चाटली कुणी?”

“आणली कुणी? खोटं कोण बोललं?”

“फॉर्मवर सही माझी आहे!”

पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वाफेने धुरकट होईपर्यंत दोघं भांडत राहिली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही माणसं चूक एकमेकांवर ढकलताहेत. खरं तर दोघंही ती स्वतःकडे ओढून घेत होती. शेवटी उल्का त्या शपथेबद्दल पुटपुटली, तर तो म्हणाला, “तेव्हा केस होते त्या डोक्यावर. आता ते डोकंच राहिलेलं नाही, शपथ कुठली राहतेय. चल, उशीर झालाय.” आणि खाली उतरताना त्याने तिचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी रुतली.

ट्रेंब्ले बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर उल्काला बरं वाटलं असतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, ॲलिसनला बोलावलं. ॲलिसनने उल्काकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली. मग बाई म्हणाल्या की हे कारण असू शकतं. त्यांनाही तेच असावं असं वाटतंय. पण वाटणं वेगळं. तपासणीचा निकाल अजून आलेला नाही. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत: आजच गोळी बदलायची, किंवा हीच गोळी सहा आठवडे नीट घेऊन पुन्हा मोजायचं. “पण पुडी कारण नसेल,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “तर हे सहा आठवडे आपण त्या पेशींना फुकट दिले, असं होईल.”

चारुदत्तने उल्काकडे बघितलं. निर्णय त्याचा होता, रक्त त्याचं होतं, तरी त्याने तिच्याकडे बघितलं. तिला म्हणावंसं वाटलं, मला विचारू नकोस, माझ्या विचाराने चाललं की काय होतं ते बघितलंस ना. तिने फक्त मान हलवली.

“सिक्स वीक्स,” चारुदत्त म्हणाला.

ते सहा आठवडे उल्काने कसे काढले हे तिलाही पुढे नीट सांगता आलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. तिचं मन दिवसातून चार वेळा चारुदत्तला जमिनीवर निजवून यायचं. तो खोकला की ती दारात. त्याच्या दंडावर निळसर डाग दिसला, तर तो टायर काढताना आपटल्याचा होता, हे त्याने तीनदा सांगूनही ती दिवसभर त्या दंडाकडे बघत राहिली. केयाला फोनवर सांगितलं, तर तिने आधी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग “आई, यू डिड व्हॉट?” आणि मग, “बाबा न्यू? बोथ ऑफ यू?” आणि फ्रेंचमध्ये देवाचा धावा, “मों द्यू, आय कान्ट विथ यू पीपल.” त्यानंतर पोरीने आठ दिवस आईचा फोन उचलला नाही, बापाला मात्र रोज मेसेज करून विचारायची, ‘हाऊ इज शी?’

सकाळी आठला आता फक्त टोस्ट, चहा आणि गोळी. उल्का समोर बसून गोळी गिळताना बघायची. तिचा गळाही त्याच्याबरोबर हलायचा. मेच्या पहिल्या आठवड्यात त्याला पुन्हा पित्त झालं, छाती जळायला लागली, तो बिचारा छातीवर हात ठेवून येरझारा घालू लागला. तिने काही दिलं नाही. ॲलिसनने गोळीनंतर किती तासांनी काय घेतलेलं चालेल ते लिहून दिलं होतं, तो कागद घेऊन ती घड्याळासमोर बसली. माणूस तळमळतोय आणि आपण घड्याळ बघतोय, यासारखं कठीण काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

मेच्या मध्याला एक निकाल आला. गोळीला न जुमानणाऱ्या पेशींचा काही मागमूस सापडला नव्हता. चारुदत्तने सुस्कारा सोडला. उल्काने विचारलं, “सापडला नाही म्हणजे नाहीच, की सापडला नाही?” बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, दुसरंही असू शकतं. खरं काय ते आकडा सांगेल.

रक्त जूनच्या पहिल्या सोमवारी दिलं. त्यानंतरचे दिवस चारुदत्त घरूनच काम करत होता, म्हणजे लॅपटॉप उघडून एकाच ओळीकडे बघत होता. पुढच्या गुरुवारी, दुपारचे दोन वाजता, फोन उल्काचाच वाजला. क्लिनिकचा नंबर. फोन यायला नको होता. चांगल्या रिपोर्टचा फोन येत नाही, हे नऊ वर्षांचं गणित होतं. तिने फोन उचलला आणि कानाला लावायचं धाडस न होऊन तसाच हातात धरून उभी राहिली. चारुदत्त खुर्चीतून उठला तो उठलाच, पुढे येईना. शेवटी त्यानेच हात लांब करून स्पीकरचं बटण दाबलं.

“काकू? ॲलिसन. डॉक्टर करणार होत्या फोन, मी म्हटलं मी करते. ऐकताय ना?”

“हो,” उल्का म्हणाली.

“झीरो पॉइंट झीरो सिक्स. शून्य पूर्णांक शून्य सहा. उतरलाय, काकू. चांगला उतरलाय. गोळी काम करतेय.”

चारुदत्तने टेबलाची कड धरली. उल्काला आकडा कळला, तरी कळला नाही. नव्या आकड्यावर ती लगेच विश्वास टाकणारी नव्हती.

“म्हणजे,” तिने विचारलं, “ते पुडीमुळेच झालं होतं?”

“डॉक्टर तसंच म्हणताहेत. दुसरं काही कारण दिसत नाही.”

“म्हणजे चूक माझी होती?”

पलीकडे ॲलिसन अडखळली. बिचारी चांगल्या घरातली मुलगी. आईच्या वयाच्या बाईला असं तोंडावर कसं सांगायचं? “काकू, असं मनाला लावून घेऊ नका. होतं असं. तुम्ही प्रेमानेच...”

“नको, नको, तसं नको,” उल्का घाईने म्हणाली. ती फोनवर वाकली होती, दोन्ही हातांनी टेबल धरून, आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. “नीट सांग. चूक माझीच होती ना?”

“हो काकू,” ॲलिसन म्हणाली. “तुमचीच होती.”

“पुन्हा एकदा सांग,” उल्का म्हणाली. “मोठ्याने सांग, काकांनाही ऐकू दे.”